बॉम्ब डिकीत, कान रस्त्यावर

ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) हातातल्या बॉम्बवर उघडतो. कॅमेरा इतका जवळ, की चेहरा दिसतच नाही. बोटं टायमर फिरवतात आणि जेमतेम तीन मिनिटांची वेळ लावतात. लांबून एक जोडपं हसत येतंय. बॉम्बवाला पळतो, त्याची भलीमोठी सावली भिंतीवरून सरकते. उघड्या टपाच्या गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवून तो गायब होतो. जोडपं गाडीत बसतं, गाडी निघते. टायमर लावल्यापासून स्फोटापर्यंत एकही कट नाही. सुमारे तीन मिनिटं वीस सेकंदांचा हा एकसलग शॉट आहे.

आधी तो आवाज बंद करून पाहिला. क्रेनवरचा कॅमेरा इमारतीच्या छपरावरून पलीकडे जातो आणि गाडीला पुन्हा गाठतो. ट्रॅफिक पोलीस गाडी अडवतो, हातगाड्या आडव्या जातात, वाटेत शेळ्यांचा कळप येतो. याच रस्त्यावरून नवविवाहित व्हार्गास आणि सुझन पायी चालले आहेत. कधी ते पुढे, कधी गाडी. बॉम्बचं आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नाही. त्यामुळे शेळ्यांनी गाडी अडवली तरी आपला जीव खालीवर होतो.

मेक्सिकोच्या सीमेवरचं म्हणून दिसणारं हे गाव प्रत्यक्षात कॅलिफोर्नियातलं व्हेनिस. छायाचित्रण रसेल मेटीचं. व्हार्गास झालेल्या चार्लटन हेस्टनने नंतर एक किस्सा सांगितला. शॉटच्या शेवटी सीमेवरचा अधिकारी बोलतो. तो नट ऐन वेळी वाक्य विसरायचा आणि सगळं पहिल्यापासून करावं लागायचं. उजाडायला आलं, तेव्हा वेल्सने त्याला सांगितलं: नुसते ओठ हलव, आवाज मागाहून घालू. एकसलग शॉटमध्ये चित्र मधूनच दुरुस्त करता येत नाही, आवाज मात्र करता येतो.

याच आवाजावरून पुढे वाद झाला. युनिव्हर्सल स्टुडिओने संकलन वेल्सच्या हातून काढून घेतलं. प्रदर्शित चित्रपटात या शॉटवर श्रेयनामावली आली आणि हेन्री मॅन्सिनीचं बाँगो नि ब्रासचं संगीत आलं. संगीत झकास आहे, पण ते सुरुवातीपासूनच 'घाबरा' म्हणून बजावत राहतं आणि रस्ता मुका होतो. वेल्सने डिसेंबर १९५७ मध्ये स्टुडिओला ५८ पानी टिपण पाठवलं होतं. या दृश्यावर अक्षरं नकोत आणि संगीत यायचं ते रस्त्यावरूनच यावं, ही त्यातली एक मागणी. ती पुरी झाली १९९८ मध्ये. निर्माता रिक श्मिडलिनच्या पुढाकाराने वॉल्टर मर्चने टिपणाबरहुकूम चित्रपटाचं पुनर्संकलन केलं. तोवर वेल्स जाऊन तेरा वर्षं झाली होती.

ही आवृत्ती हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकली. टायमरची टिकटिक, बाईचं हसू, इंजिन. मग एका बारच्या दारातलं संगीत जवळ येतं, मागे पडतं, तोवर पुढच्या दारातलं सुरू होतं. या गलबल्यात गाडीच्या रेडिओची धून चढते-उतरते. थोड्या वेळाने उमगतं, की बॉम्ब कुठे आहे हे हा रेडिओच सांगतोय. धून वाढली की गाडी जवळ आली. विरली की सुटकेचा श्वास. आधीच्या आवृत्तीत भीती आयती मिळत होती. इथे ती आपली आपण कान देऊन शोधावी लागते, म्हणून जास्त झोंबते. वेल्स मुळात रेडिओ नाटकातला मुरलेला माणूस, १९३८ च्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'चा.

सीमेवर गाडीतली बाई तक्रार करते, की डोक्यात टिकटिक ऐकू येतेय. कुणी लक्ष देत नाही. गाडी पुढे जाते. व्हार्गास आणि सुझन चुंबन घेत असतानाच स्फोटाचा आवाज येतो. जळती गाडी दिसते ती त्यानंतरच्या कटमध्ये. पहिला कट पडतो तो या आवाजामुळे.

आपल्याकडच्या बऱ्याच गुन्हेकथांमध्ये पहिल्या फ्रेमपासून पार्श्वसंगीताचा दणका सुरू होतो. तो करणाऱ्यांनी या दोन्ही आवृत्त्या लागोपाठ पाहाव्यात. चित्र तेच आहे, पण १९९८ ची सुरुवात सरस आहे, कारण ती प्रेक्षकाला कामाला लावते.