जाळी चढवून लिहिलेलं पुस्तक

डोक्यावरून खाली सोडलेली जाळी, हातांत लांब जाड मोजे, समोर घडीचं टेबल आणि बोटांत पेन्सिल. ब्राझीलच्या रानात लिहीत बसलेल्या थिओडोर रूझवेल्ट यांचा असा एक फोटो आहे. साडेसात वर्षं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष राहिलेला पंचावन्न वर्षांचा माणूस डास-माश्यांच्या गराड्यात मासिकाचा मजकूर पुरा करतोय!

एरवी माणसं भटकून घरी येतात आणि मग निवांत लिहायला बसतात. रूझवेल्टांना तेवढा धीर नव्हता. 1909 मध्ये अध्यक्षपद सोडून ते आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हाही दिवसभराच्या पायपिटीनंतर तंबूत लेख लिहीत. पुसली न जाणारी पेन्सिल आणि खाली कार्बन कागद, म्हणजे एक प्रत गहाळ झाली तरी पंचाईत नको. सोबत साठेक पुस्तकं, तीही डुकराच्या कातड्यात बांधलेली. रक्त, घाम, बंदुकीचं तेल लागलं तरी बिघडायचं नाही. (शिकारीच्या आकड्यांनी मात्र आज अंगावर काटा येतो.)

पण खरी कमाल ब्राझीलची. तिथल्या सैन्यातल्या कर्नल रोंदोन यांना एका नदीचा उगम सापडला होता. ती पुढे कुठे जाते, हे नकाशाला ठाऊक नव्हतं. म्हणून नाव पडलं ‘संशयाची नदी’. 27 फेब्रुवारी 1914 रोजी रूझवेल्ट, त्यांचा मुलगा कर्मिट आणि रोंदोन लाकूड कोरून केलेल्या होड्यांतून त्या नदीत उतरले. धबधब्यांनी होड्या फोडल्या, शिधा आटत गेला. एक जण बुडाला, दुसऱ्याला सोबत्यानेच गोळी घातली. रूझवेल्टांच्या पायाची जखम चिघळली, तापाने ते बरळू लागले. मला इथेच सोडा आणि पुढे जा, असं त्यांनी सांगून पाहिलं. कर्मिटने साफ नकार दिला. दोन महिन्यांनी सगळे बाहेर पडले.

त्याच वर्षी या प्रवासाचं पुस्तक आलं. पिरान्हा माशाची दहशत जगभर पसरवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पक्षी, मुंग्या, होडी ओढणाऱ्या कामाठ्यांचे कष्ट, सगळं त्यात ऐसपैस येतं. स्वतःचं आजारपण मात्र चार ओळींत उरकलेलं, आणि ‘मला सोडा’ तर नाहीच. ते आपल्याला कळतं सोबत्यांकडून. आपला पराक्रम सांगताना एरवी हात आखडता न घेणारा हा गडी इथेच गप्प का बसला असेल?

नदी खरंच रूझवेल्ट सांगतात एवढी मोठी आहे का, अशी शंका काही भूगोलवाल्यांनी काढली. 1927 मध्ये जॉर्ज डायट नावाचे प्रवासी तीच नदी उतरून आले आणि रूझवेल्टांचं म्हणणं खरं निघालं. पण तोवर ते ऐकायला रूझवेल्ट हयात नव्हते. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी पुढच्या प्रवाशांसाठी परिशिष्टंही जोडली आहेत. दक्षिण अमेरिकेच्या रानात जायचं तर काय सामान न्यावं आणि शिध्याच्या पेट्या कशा भराव्यात, याची त्यांत तपशीलवार माहिती आहे.