कोकराचे दोन भाव

सिंगापूरहून ह्यूस्टनला किंवा बॉयसीला बदली होऊन गेलेल्या मराठी अभियंत्याच्या टेबलावर एखाद्या दिवशी एक अनपेक्षित पत्र येऊन पडण्याची बरीच शक्यता असते. जुराँग बेटावरील तेलउद्योगाचे टेक्सासशी नाते जुने आहे. मायक्रॉनचे मुख्यालय आयडाहो राज्यातील बॉयसी येथे आणि मोठे कारखाने सिंगापुरात, त्यामुळे तिकडची ये-जाही आता नित्याची झाली आहे. पत्र कार्यालयाच्या नावाने आलेले असते आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलेले असते. मी अमुक शाळेत शिकतो, यंदा एक कोकरू वाढवले आहे, त्याचे वजन इतके भरले आहे, अमुक तारखेला काउंटीच्या जत्रेत त्याचा लिलाव आहे, आपण बोली लावायला यावे, ही विनंती. सोबत त्या कोकराच्या गळ्यात हात टाकून काढलेले छायाचित्र.

हे देणगीचे आवाहन समजावे की विक्रीचे पत्रक, असा प्रश्न पडतो. उत्तर देण्यापूर्वी ही प्रथा काय आहे, तिच्यात पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे समजून घेणे बरे.

सिंगापुरात वाढलेल्या मुलाला असे पत्र लिहिण्याची वेळच येणार नाही. एकेकाळी पुंगोल भागात डुकरांचे शेकडो गोठे होते. परंतु जमिनीची टंचाई आणि जलाशयांचे प्रदूषण या कारणांनी सरकारने १९८४ मध्ये वराहपालन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि दशक संपता संपता ते संपुष्टात आले. आज या देशाचे ९० टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून येते. लिम चू कांगच्या शेळ्यांच्या फार्मवर आपण मुलांना घेऊन जातो ते प्रेक्षक म्हणून; दूध बाटलीत येण्याआधी कुठे असते हे दाखवण्यासाठी. अमेरिकेच्या ग्रामीण भागातील मूल मात्र त्याच वयात मालक असते, आणि मालकाला हिशेब द्यावा लागतो.

या प्रथेमागे मुख्यतः दोन संघटना आहेत. पहिली फोर-एच. ओहायो राज्यातील क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहॅम या शाळा-अधीक्षकाने १९०२ मध्ये मुलामुलींचे एक मंडळ सुरू केले, तिथे तिचे मूळ मानले जाते. पुढे १९१४ च्या कायद्याने देशव्यापी कृषिविस्तार सेवा उभी राहिली आणि ही मंडळे कृषी विद्यापीठांच्या छत्राखाली आली. दुसरी संघटना एफएफए. ती १९२८ मध्ये कॅन्सस सिटीत स्थापन झाली आणि माध्यमिक शाळांतील शेतीशिक्षणाशी जोडलेली आहे. दोन्हींत मूल एखादा प्रकल्प निवडते. तो शिवणकामाचा असू शकतो, यंत्रमानवाचाही असू शकतो. पण जत्रेत गर्दी खेचतो तो पशुधनाचा.

प्रकल्पाची रीत साधारण अशी. मूल स्वतःच्या पैशाने, किंवा घरून उसने घेऊन, लहान जनावर विकत घेते: कोकरू, करडू, डुकराचे पिल्लू किंवा खच्ची केलेला गोऱ्हा. ठरलेल्या दिवशी त्याचे वजन करून कानात बिल्ला मारला जातो. त्यानंतर जनावर बदलता येत नाही. डुकराला चार-पाच महिने, गोऱ्ह्याला वर्षाच्या आसपास सांभाळावे लागते. खुराक, औषध, वजनवाढ यांची नोंद एका वहीत रोज नाही तरी नियमाने करावी लागते. जत्रेत परीक्षक जनावराची आणि ते हाताळणाऱ्या मुलाची स्वतंत्र पारख करतात. शेवटच्या दिवशी लिलाव.

आता हिशेब पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, मुलीने कोकरू ३०० डॉलरला घेतले, खुराकावर १८० खर्च झाले, औषध आणि किरकोळ गोष्टींवर ४०. एकूण ५२०. लिलावाच्या दिवशी कोकराचे वजन १४० पौंड भरले आणि त्या आठवड्यात बाजारात भाव पौंडाला २ डॉलर होता. म्हणजे कोकराची खरी किंमत २८० डॉलर, आणि मुलीचा तोटा २४०. इतके कष्ट करून तोटा! पण लिलावात गावातील पशुखाद्याच्या दुकानदाराने पौंडाला ७ डॉलरची बोली दिली. ९८० डॉलर आले, आणि तोट्याच्या जागी ४६० डॉलरचा नफा झाला. २८० आणि ९८० यांमधला ७०० डॉलरचा फरक हे अधिमूल्य. स्थानिक व्यापारी उदीम या लिलावांना आधार देतो असे म्हणतात, तेव्हा तो आधार म्हणजे नेमका हा फरक.

दुकानदाराने त्या कोकराचे काय करायचे? पर्याय बरेच असतात. खाटिकाकडून मांस कापून-बांधून घरी न्यावे, किंवा एखाद्या अन्नपेढीला दान द्यावे. कित्येक जत्रांत तिसरी सोय असते: जनावर त्याच दिवशी ठरलेल्या बाजारभावाने मांस-कंपनीकडे परत विकावे आणि खरेदीदाराने फक्त अधिमूल्य भरावे. काही ठिकाणी तर लिलावच केवळ अधिमूल्याचा असतो आणि जनावराची मालकी हस्तांतरित होतच नाही. याखेरीज ज्यांना बोली परवडत नाही असे शेजारी, आत्या-मामा, छोटे दुकानदार २५-५० डॉलरची भर मुलाच्या नावावर टाकतात. आपल्यातील शाकाहारी कुटुंबांना हा मार्ग मोकळा आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. जनावराच्या शेवटाशी आपला संबंध न येता मुलाच्या वहीत आपले नाव येते.

व्यापारी हे का करतो, याचे उत्तर मराठी वाचकाला परके वाटू नये. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत सराफ, किराणा दुकानदार आणि दंतवैद्य जाहिरात देतात, ती वाचून गिऱ्हाईक येईल म्हणून नव्हे. मंडळाच्या कार्यकर्त्याला नाही म्हणता येत नाही म्हणून, आणि उद्या याच रस्त्यावर दुकान उघडायचे असते म्हणून. काउंटीच्या जत्रेत खरेदीदाराचे नाव पुकारले जाते, मुलाबरोबर त्याचे छायाचित्र निघते, ते दुकानाच्या भिंतीवर वर्षभर राहते. पशुखाद्य विकणाऱ्याने त्या मुलाच्या घराला पेंड विकलेली असते, बँकेने त्याच्या वडिलांना ट्रॅक्टरसाठी कर्ज दिलेले असते. पैसा गावातून आला, गावात परत गेला. फरक इतकाच की स्मरणिकेत काही तोलले जात नाही. इथे काट्यावर एक जिवंत वस्तू उभी असते आणि तिचा खरा भाव सगळ्यांना ठाऊक असतो.

व्यापाऱ्यांचा हा सहभाग नंतर चिकटलेला नाही; तो मुळापासूनचा आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत मुलांची वराहमंडळे आणि वासरूमंडळे निघाली, तेव्हा गावोगावच्या बँकांनी मुलांना त्यांच्याच सहीच्या वचनचिठ्ठीवर जनावर घेण्यासाठी कर्जे दिली. त्यात बँकांचा स्वार्थ होता. चांगल्या जातीचे जनावर आणि हिशेबाची सवय मुलाच्या हातून घरात शिरली, तर उद्याचा कर्जदार भरवशाचा होणार होता. इंग्लंडमध्ये यंग फार्मर्स क्लबांचा आरंभ १९२१ साली डेव्हनमधील हेमियॉक गावी झाला, तोही दूध-कारखान्याच्या पुढाकाराने. दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांना वासरे वाढवायला दिली गेली. कारखान्याला पुढच्या पिढीचे चांगले दूध हवे होते, आणि हे कुणी लपवलेही नाही.

एवढे सगळे ऐकून प्रथा गोड वाटते. ती तितकी गोड नाही.

पहिली अडचण ओळखीची. लिलावात जनावर उभे असते, पण बोली पुष्कळदा आडनावाला लागते. ज्याचे आजोबा बँकेच्या संचालक मंडळावर आहेत त्याच्या मध्यम प्रतीच्या कोकराला दहा हात वर होतात. शेतमजुराच्या किंवा गावात नव्याने आलेल्या घरातील मुलीच्या उत्तम कोकराला पुकारणारा दोनदा-तीनदा विनवतो. यावर काही ठिकाणी तोड काढली आहे: जमा अधिमूल्याचा काही भाग सर्व मुलांत वाटायचा, किंवा काही व्यापाऱ्यांनी मिळून एक निधी करायचा आणि ज्यांना बोली मिळाली नाही त्यांची जनावरे त्यातून घ्यायची. माझ्या मते कंपनीच्या पैशाचा सर्वात शहाणा उपयोग या निधीतच आहे. विजेत्या जनावराला खरेदीदारांची वाण कधीच नसते.

दुसरी अडचण आकड्यांची. ह्यूस्टनच्या पशुप्रदर्शनात २०२२ साली सर्वश्रेष्ठ ठरलेला गोऱ्हा १० लाख डॉलरला गेला. ती सारी रक्कम मुलाला मिळत नाही; तिथे मुलाच्या वाट्याला मर्यादा आहे आणि उरलेले पैसे शिष्यवृत्तीच्या निधीत जातात. व्यवस्था चांगली आहे. पण असा आकडा एकदा डोळ्यांपुढे आला की मोह सुटतो. १९९० च्या दशकात मोठ्या प्रदर्शनांतील काही विजेत्या जनावरांना स्नायू फुगवणारे क्लेनब्युटेरॉल दिल्याचे उघड झाले, पदके परत घेतली गेली आणि त्यानंतर औषधचाचणी हा अशा प्रदर्शनांचा नेहमीचा भाग झाला. मुलाने हे एकट्याने केले असेल यावर कोण विश्वास ठेवील?

तिसरी अडचण कोणत्याही नियमावलीत नीट बसत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात उत्तर कॅलिफोर्नियातील शास्ता जिल्ह्याच्या जत्रेत नऊ वर्षांच्या एका मुलीचे सीडर नावाचे करडू ९०२ डॉलरच्या बोलीला गेले. त्यातील जत्रेचा वाटा ६३.१४ डॉलर होता. करडू कत्तलीला जाणार हे तोवर मुलीला पेलवेनासे झाले होते. आईने जत्रेचे पैसे भरून देण्याची तयारी दाखवली आणि करडू दूरच्या फार्मवर नेऊन ठेवले. बोली लावणाऱ्या राज्य सिनेटरनेही आडकाठी करणार नसल्याचे कळवले. जत्रेने मात्र नियम तो नियम अशी भूमिका घेतली. शेरीफचे शिपाई शेकडो मैल गाडी हाकून गेले, करडू ताब्यात घेतले, आणि ते मारले गेले. प्रकरण संघराज्य न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये काउंटीच्या बाजूने ३ लाख डॉलर देऊन तडजोड झाली. जत्रेची बाजू अगदीच पोकळ नव्हती: करार पाळणे हा त्या शिक्षणाचाच भाग आहे, असे ती बाजू म्हणते. परंतु ज्या लिलावात बाजारभावाच्या कितीतरी पट रक्कम मुलाखातर म्हणून दिली जाते, तिथे मुलाची गोष्ट निघाल्यावर ‘हा निव्वळ व्यापार आहे’ असे म्हणता येत नाही. दोन भावांपैकी कोणत्या भावाने बोलायचे ते आधी ठरवायला हवे होते.

आपल्याकडे याचे काही समांतर आहे का? माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी आणि देवणी जनावरांची प्रदर्शने भरतात, पण ती प्रौढ पशुपालकांची. मुलांच्या बाबतीत मला जवळचे वाटते ते पुणे जिल्ह्यातील पाबळचे उदाहरण. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून ग्रामीण शाळांसाठी घडलेल्या अभ्यासक्रमात लोहारकाम-सुतारकाम, वीज, गृह-आरोग्य यांच्या जोडीला शेती-पशुपालन हा विभाग आहे. मुले हाताने काम करतात, त्याचा खर्च काढायला शिकतात आणि गावाला सेवा पुरवून तिचा मोबदला घेतात. इथे गावकरी दाता नसून गिऱ्हाईक असतो. काम वाईट झाले तर तो कुरकुर करतो, आणि त्याने ती करावी अशीच अपेक्षा असते. अमेरिकी लिलावातील उदारपणा इथे नाही. पण मुलाला दिसणारा भाव एकच असतो आणि तो खरा असतो.

म्हणून लिलावाला जाणाऱ्याने एक गोष्ट जरूर विचारावी: मुलाच्या हिशेबाच्या वहीत बाजारभाव आणि अधिमूल्य वेगवेगळ्या ओळींत लिहिले जातात का? काही ठिकाणी पावतीच तशी फोडून दिली जाते. जिथे ती तशी नसते, तिथे वरच्या उदाहरणातील मुलगी कोकरू पाळणे हा ४६० डॉलरच्या नफ्याचा धंदा आहे असे समजून मोठी होते. प्रत्यक्षात तो २४० डॉलरच्या तोट्याचा धंदा होता आणि गावातील एका माणसाने तिच्यासाठी ७०० डॉलर मोजले. या दोन्ही गोष्टी कळल्या तर तिला शेती आणि शेजार दोन्ही कळले. शिवाय कंपनीच्या लेखापालालाही ही फोड लागतेच. जनावराची किंमत एका खात्यावर, जाहिरातीचा किंवा देणगीचा खर्च दुसऱ्या खात्यावर.

पत्राला उत्तर द्यायचे ठरवलेच, तर लिलावापूर्वी एक संध्याकाळ त्या मुलाच्या गोठ्यावर जाऊन यावे. खरेदीदार म्हणून नाव आधी नोंदवावे लागते. जनावर न्यायचे, दान द्यायचे की परत विकायचे हेही त्याच दिवशी लिहून द्यावे लागते. अनेक काउंट्यांत असा दंडक आहे की खरेदीदाराला हाताने लिहिलेले आभारपत्र पोचवल्याशिवाय मुलाला धनादेश मिळत नाही. तेव्हा जत्रेनंतर काही आठवड्यांनी कार्यालयात त्याच अक्षरातले दुसरे पत्र येईल. कोकराचे पैसे कशाला लावले, हे त्यात बहुधा लिहिलेले असते. पुष्कळदा पुढच्या वर्षीच्या कोकराला.