वळताना ट्रॅक्टरच्या पुढून आवाज येतोय? ट्रॉली जोडण्याआधी एवढे तपासा

सोयाबीनची रास झाली की लातूर-नांदेडच्या मोंढ्याकडे ट्रॉल्यांची रीघ लागते. ज्या ट्रॅक्टरने पावसाळाभर चिखल तुडवला, तोच आता भरलेली ट्रॉली घेऊन लोहा, अहमदपूर, चाकूरकडून ३६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर येतो. सरळ चालताना काही जाणवत नाही. पण धुऱ्यावर किंवा मोंढ्याच्या फाटकात वळवला की पुढून ‘खट्’ असा आवाज येतो. ‘ग्रीस मारू’ म्हणून आपण पुढे जातो. ग्रीसने कोरडेपणा जातो, झिजलेले लोखंड भरून येत नाही. म्हणून आधी खेळ कुठे आहे ते शोधा.

आवाज वळतानाच का येतो?

साध्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला पुढे गाडीसारखे पाटे किंवा शॉकअप नसतात. पुढचा ॲक्सल मधल्या सेंटर पिनवर डोलतो आणि चाके किंगपिनवर वळतात. वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो, त्यामुळे पिन आणि बुशमधली ढिलाई आवाज करू लागते.

आपली भारी काळी जमीन ही झीज वाढवते. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण बऱ्याचदा निम्म्याहून जास्त असते. ओली झाली की ती सांध्याला चिकटते. रबरी सील फाटलेले असेल तर माती आत जाते, ग्रीसमध्ये मिसळते आणि पॉलिश कागदासारखी बुश घासत राहते.

आधी ट्रॉली सोडा

रिकाम्या जागेत ट्रॉली सोडून ट्रॅक्टर हळू दोन्ही बाजूंना वळवा. आवाज थांबला, तर दोष हुकच्या पिनेत, ट्रॉलीच्या कडीत किंवा चारचाकी ट्रॉलीच्या फिरत्या चकतीत असू शकतो. डिफरेन्शियल लॉक सुटला आहे का, तेही पाहा. तो लागलेला राहिला तर ट्रॅक्टर वळायला जड जातो, टायर घसटतात आणि मागून कटकट येते.

आवाजावरून अंदाज

- खट्-खट्, स्टिअरिंग फिरवताच: टाय रॉड एंड किंवा ड्रॅग लिंकचा सांधा ढिला.
- करकर, हळू वळताना: किंगपिन किंवा सेंटर पिन कोरडी.
- घरघर, वेगाबरोबर वाढणारी: चाकाचे बेअरिंग. एका बाजूला वळताना जास्त येते, तेव्हा बहुधा बाहेरच्या बाजूचे चाक तपासा.
- स्टिअरिंग शेवटच्या टोकाला नेल्यावर हुंकार: पॉवर स्टिअरिंगमध्ये तेलाचा दाब वाढल्यामुळे असा आवाज येतो. तिथे धरून ठेवू नका. एरवीही येत असेल तर तेलाची पातळी पाहा.
- फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढून टकटक: डांबरी रस्त्यावर पुढचा ड्राइव्ह चालू राहिला का ते पाहा. बंद केल्यावरही आवाज येत असेल तर पुढच्या ॲक्सलचे तेल आणि सांधे मेकॅनिककडून तपासा.

खेळ तपासण्याची पद्धत

१. ट्रॅक्टर सपाट, कडक जागी उभा करा. इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा ओंडके. काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी ठेवा. चाक उचलल्यावर ॲक्सलखाली लाकडी ठोकळा द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका.

२. उचललेले चाक वर-खाली धरून हलवा. दुसऱ्याने आतून पाहावे. हब एकटाच हलला तर बेअरिंग ढिले आहे. हबसोबत स्टब ॲक्सलही हलला तर किंगपिनचे बुश गेले आहेत.

३. आता चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. एका चाकाची हालचाल दुसऱ्यापर्यंत पोचण्याआधी टाय रॉडच्या सांध्यात ‘खट्’ झाले, तर तो एंड संपला आहे.

४. चाक हाताने फिरवा. खरखर जाणवली तर नुसते आवळून भागणार नाही, बेअरिंग बदला.

दुरुस्ती

कोरड्या सांध्याला ग्रीस देताना निपल आधी पुसा आणि चाक उचललेले ठेवा. भार उतरला की ग्रीस किंगपिनच्या बैठकीपर्यंत पोचते. जुने काळे ग्रीस बाहेर पडेपर्यंत पंप मारा. चिखलात काम केल्यावर हे रोज करा. एरवी ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतले तास पाळा.

बेअरिंग चांगले पण ढिले असेल, तर चाक फिरवत नट हलका जड लागेपर्यंत आवळा, मग स्प्लिट पिनेचे भोक जुळेल एवढाच मागे घ्या. पिन नवीनच घाला. बुश बदलताना पिनही मोजून घ्या. झिजलेल्या पिनेवर नवा बुश टिकत नाही. टाय रॉड एंड बदलल्यावर पुढच्या चाकांचा टो-इन पुस्तिकेप्रमाणे जुळवून घ्या, नाहीतर नवे टायर एका कडेने घासतील.

या तीन गोष्टी दिसल्या तर ट्रॉली जोडू नका

टाय रॉड एंड हाताने हलतो, स्प्लिट पिन नाही, किंवा हब वर-खाली हलतो. एंड निसटला तर स्टिअरिंग हातात असूनही चाक ऐकत नाही. मागे भरलेली ट्रॉली असेल तर ट्रॅक्टर सावरायला वेळ मिळत नाही. एक दिवस उशिरा माल गेला तर भावात थोडा फरक पडेल, तेवढा सोसा.

ही झीज कमी करायची असेल तर धुऱ्यावर एका बाजूचा ब्रेक दाबून झटक्यात वळणे टाळा. रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेक पेडल जोडून घ्या.

गावपातळीवर काम करणाऱ्या कृषी कर्मचाऱ्यांना एक सुचवणे आहे. मे महिन्यात सोयाबीन बियाण्याची उगवण तपासणी घेता, त्याच बैठकीत एक ट्रॅक्टर जॅकवर उचलून ही तपासणी दाखवा. पेरणीआधी सापडलेला ढिला सांधा गावातच दुरुस्त होतो.