अंतराळात तुटणारा धागा

अहिल्यानगर जिल्ह्यातील सोनई हे उसाच्या पट्ट्यातले गाव. शनिशिंगणापूरला जाणाऱ्या भाविकांना आणि मुळा साखर कारखान्यामुळे शेतकऱ्यांना ते परिचित आहे. निरभ्र संध्याकाळी या गावाच्या आकाशातून अधूनमधून एक न लुकलुकणारा तेजस्वी ठिपका काही मिनिटांत पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जातो. ते असते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. डोक्यावर येते तेव्हा त्याची उंची सुमारे चारशे किलोमीटर असते. म्हणजे सोनईकरांना नागपूरपेक्षा ते स्थानक जवळ आहे! तरीही त्या चारशे किलोमीटरमध्ये मानवी शरीराच्या दृष्टीने सारेच बदलून जाते.

पृथ्वीवरील माणूस हवेच्या एका खोल विहिरीच्या तळाशी राहतो. त्याच्या डोक्यावरील हवेचे वजन दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम भरते. हेच संरक्षण पाण्याने द्यायचे ठरवले तर डोक्यावर सुमारे ३३ फूट पाणी उभे करावे लागेल. आकाशातून सतत बरसणारे वैश्विक किरण या थरात अडतात, विखुरतात आणि बहुतांशी निष्प्रभ होतात. माती, हवा, अन्न आणि आकाश या सर्वांकडून मिळून पृथ्वीवरील माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतके नैसर्गिक प्रारण मिळते. अंतराळ स्थानकातील रहिवाशाला साधारण तेवढेच प्रारण चार-पाच दिवसांत मिळते. जून-जुलै २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला वीस दिवस अंतराळात राहून आले. ढोबळ हिशेबाने त्या काळात त्यांच्या वाट्याला दहा-बारा मिलिसिव्हर्ट प्रारण आले असावे. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये रुग्णाला मिळते त्याहून हे फार अधिक नाही. मग अंतराळ प्रवास आणि कर्करोग यांची एवढी चर्चा का होते?

कारण प्रश्न केवळ प्रारण किती मिळाले एवढाच नाही, ते कोणत्या जातीचे आहे हाही आहे. वैश्विक किरणांत बहुसंख्य कण प्रोटॉन असतात, उरलेल्यांत बहुतेक हेलियमची केंद्रके. मात्र शंभरात साधारण एक कण कार्बन, ऑक्सिजन किंवा थेट लोहाचे केंद्रक असते. संख्येने नगण्य असलेले हे जड कण पेशीतून जाताना आपल्या मार्गावर दाट नासधूस करत जातात. क्ष-किरणांमुळे होणारी इजा पेशीत विखुरलेली असते. लोहाच्या कणाने होणारी इजा नांगराच्या तासासारखी एका रेषेत आणि खोल असते.

डीएनएचा रेणू हा दोन पदरी दोर आहे. रोजच्या जीवनव्यवहारातच प्रत्येक पेशीत या दोराला हजारो बारीक इजा होत असतात आणि पेशी त्या गाजावाजा न करता दुरुस्त करत असते. एक पदर तुटला तर दुसऱ्या पदराकडे पाहून तो पुन्हा विणता येतो. दोन्ही पदर एकाच जागी तुटले तर मात्र पेच पडतो. अशा वेळी पेशीपुढे दोन मार्ग असतात. एक, तुटलेली टोके घाईघाईने चिकटवून टाकणे. यात मधला मजकूर गळू शकतो किंवा भलतीच टोके जुळू शकतात. दुसरा मार्ग, त्याच डीएनएची शेजारी असलेली दुसरी प्रत समोर ठेवून तुटलेला भाग अक्षरशः उतरवून काढणे. या दुसऱ्या, काटेकोर दुरुस्तीसाठी बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांनी घडवलेली प्रथिने लागतात. दुरुस्ती होईपर्यंत पेशीचे विभाजन थांबवणे आणि दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला मरण स्वीकारायला लावणे, हे काम टीपी-५३ या जनुकाकडे असते.

कर्करोगाच्या अभ्यासकांना ही नावे नवी नाहीत. ज्या कुटुंबांत आई, मावशी, बहीण अशा अनेकींना तरुण वयातच स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग होतो, त्यांच्यापैकी अनेक कुटुंबांत बीआरसीए जनुकांतील दोष वारशाने आलेला आढळतो. हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार असा दोष असलेल्या सुमारे ७० टक्के स्त्रियांना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. टीपी-५३ मध्ये जन्मजात दोष असेल तर डॉक्टर त्या रुग्णाला शक्यतो किरणोपचार देण्याचे टाळतात, कारण एक गाठ जाळताना दुसरीचे बीज पडण्याची भीती असते. घराण्यात चालत आलेला कर्करोग आणि अंतराळवीराच्या शरीरातील इजा हे दोन्ही विषय येथे एकत्र येतात. पहिल्या प्रसंगी दुरुस्त करणारा जन्मतःच अधू असतो, दुसऱ्या प्रसंगी तो धडधाकट असूनही इजाच त्याच्या आवाक्याबाहेरची असते.

मंद गतीने मिळणारे प्रारण माणूस बऱ्याच अंशी पचवतो, याचा पुरावा भारतातच आहे. केरळमधील करुनागपल्ली येथील किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट असल्याने तेथील नैसर्गिक प्रारण इतरत्रापेक्षा कितीतरी अधिक आहे. सुमारे सत्तर हजार रहिवाशांच्या प्रदीर्घ पाहणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत कर्करोगाचे प्रमाण या प्रारणामुळे वाढल्याचे आढळले नाही. पण केरळच्या वाळूतून लोहाची केंद्रके येत नाहीत. त्यामुळे हा दिलासा अंतराळवीरांना जसाच्या तसा लागू होत नाही.

प्रत्यक्ष माणसांवरचा पुरावा अजून तुटपुंजा आहे. अमेरिकी अंतराळवीर स्कॉट केली मार्च २०१५ ते मार्च २०१६ या काळात ३४० दिवस स्थानकात राहिले. त्यांचे जुळे बंधू मार्क पृथ्वीवर होते. दोघांच्या तपासण्यांचे निष्कर्ष एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. गुणसूत्रांच्या टोकांवरील टेलोमिअर ही टोपणे वयानुसार आखूड होतात. स्कॉट यांची मात्र अंतराळात लांब झाली आणि परतल्यावर काही दिवसांतच पुन्हा आखडली. काही तर पूर्वीपेक्षाही आखूड झाली. गुणसूत्रांचे तुकडे सुटून उलटे जोडले गेल्याच्या खुणा परतीनंतरही उरल्या. बहुतेक जनुकांचे कामकाज सहा महिन्यांत पूर्ववत झाले, सर्वांचे नाही. २०२२ मध्ये, १९९८ ते २००१ या काळात स्पेस शटलमधून गेलेल्या चौदा अंतराळवीरांच्या जपून ठेवलेल्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांच्या रक्तपेशींत टीपी-५३ सह कर्करोगाशी संबंधित जनुकांत उत्परिवर्तने आढळली. ही पातळी आजाराचा इशारा ठरावी इतकी नव्हती. एका जुळ्या भावंडांच्या जोडीवरून किंवा चौदा जणांवरून कर्करोगाचे भाकीत करणे धाडसाचे ठरेल, हे संशोधकही मान्य करतात.

याच शास्त्राच्या इतिहासात एक मराठी नाव आहे आणि त्या नावाचा अहिल्यानगर जिल्ह्याशीही संबंध आहे. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी पदव्युत्तर अभ्यास केला तो सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा. पुढे मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवून त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. शरीराबाहेर, काचपात्रात मानवी पेशी वाढवण्याचे तंत्र गाय यांनी विकसित केले होते. हेन्रिएटा लॅक्स या रुग्णेच्या गाठीतून, तिला न सांगता घेतलेल्या पेशी त्यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये अमर झाल्या. 'हेला' नावाच्या या पेशी १९६० मध्ये सोव्हिएत उपग्रहातून अवकाशातही गेल्या. युरी गागारिन यांच्या आधी अवकाशात पोहोचलेल्या मानवी पेशी या अशा कर्करोगाच्या होत्या!

डॉ. रणदिवे यांनी तेच तंत्र मुंबईत आणले आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतीसंवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हा प्रश्न त्यांनी उंदरांवर तपासला. बीआरसीए जनुकांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाच्या अभ्यासाकडे वळल्या. ज्या मुळा नदीवरील धरणाचे पाणी सोनईच्या परिसरातील उसाला मिळते, ती अकोल्याच्याच डोंगरांत उगम पावते. १९८२ मध्ये पद्मभूषणने गौरवलेल्या या शास्त्रज्ञेचे नाव तेथे आज किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्नच आहे.

काचपात्रातील पेशी गुरुत्वामुळे तळाशी बसतात आणि चपट्या थरात वाढतात. शरीरातील गाठ मात्र त्रिमितीय असते. सूक्ष्म गुरुत्वात पेशी तळाला न बसता एकमेकींभोवती गोळा होऊन खऱ्या गाठीच्या अधिक जवळ जाणारी रचना करतात. शुक्ला ज्या ॲक्सिऑम-४ मोहिमेतून गेले, तिच्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी कर्करोगाच्या अशा बारीक गाठी पाठवल्या होत्या. एडीएआर-१ या जनुकाचा गाठीच्या वाढीतील वाटा आणि त्याला आवर घालू शकणारी औषधे हा त्या प्रयोगाचा विषय होता. अंतराळ पेशींना इजा करते, तसे ते कर्करोगाच्या अभ्यासासाठी उपयोगीही पडते.

तीच गोष्ट प्रारणाची. टाटा स्मारक रुग्णालय १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे सोपवण्यात आले, तेव्हा कर्करुग्णालयाचा अणुशक्तीशी काय संबंध, असे अनेकांना वाटले असेल. आज त्याच संस्थेच्या खारघर येथील केंद्रात २०२३ पासून प्रोटॉनचा झोत गाठीवर सोडून उपचार केले जातात. वैश्विक किरणांत सर्वाधिक संख्येने असलेला कण तो हाच. तेथेच आनुवंशिक कर्करोगाच्या कुटुंबांसाठी तपासणी आणि समुपदेशनाची सोयही आहे.

या संशोधनाचे फलित आता नियमांत उतरू लागले आहे आणि तेथे ते अवघड होते. नासाने २०२२ मध्ये अंतराळवीराला संपूर्ण कारकिर्दीत ६०० मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली. वय आणि लिंग काहीही असो, मर्यादा एकच. त्यापूर्वी ती स्त्रियांसाठी आणि तरुणांसाठी कमी होती, कारण स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका हिशेबात धरला जाई. परिणामी स्त्रियांना उड्डाणाचे दिवस कमी मिळत. ॲक्सिऑम-४ च्या कमांडर पेगी व्हिट्सन यांनी नासातून निवृत्त होताना आपली प्रारण मर्यादा संपल्याचे सांगितले होते. पुढे त्या खासगी कंपनीतर्फे दोनदा अंतराळात गेल्या. मंगळाचा हिशेब तर आणखी कठीण आहे. क्युरिऑसिटी या यानाने प्रवासात घेतलेल्या मोजमापानुसार केवळ जाण्यायेण्यातच सुमारे ६६० मिलिसिव्हर्ट पदरी पडतील, मंगळावरचा मुक्काम वेगळा.

सर्वांना एकच मर्यादा लावणे न्याय्य आहे, पण सर्वांची दुरुस्ती करण्याची क्षमता एक नसते. बीआरसीएचा दोष असलेल्या उमेदवाराला अंतराळात पाठवावे काय? अमेरिकेत २००८ च्या कायद्यानुसार जनुकीय माहितीच्या आधारे नोकरी नाकारता येत नाही, त्यामुळे नासाला हा प्रश्न अधिकृतपणे विचारताही येत नाही. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. गगनयानाच्या चार अंतराळवीरांची नावे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली, पुढची निवड व्हायची आहे. हा प्रश्न त्यांच्यापुरताच नाही. खारघरला आईच्या उपचारासाठी आलेल्या मुलीला डॉक्टर रक्ताचा नमुना द्यायला सुचवतात, तेव्हा तिच्यापुढेही तोच प्रश्न असतो. दोष निघाला तर ते सासरी, नोकरीच्या ठिकाणी आणि विमा कंपनीला सांगायचे काय?