मणिभवन : बाहुल्यांच्या पलीकडचे घर

शाळेची सहल गावदेवीच्या लॅबर्नम रस्त्यावरील मणिभवनात शिरली की दुसऱ्या मजल्यावर हमखास खोळंबते. काचेआड छोट्या बाहुल्यांचे देखावे मांडले आहेत. सुशीला गोखले-पटेल यांच्या कल्पनेतून उतरलेल्या या देखाव्यांत गांधीजींचे सारे आयुष्य येते. इतिहासाच्या पुस्तकातली दांडीयात्रा इथे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येते, म्हणून मागून बाईंनी कितीही घाई केली तरी काचेवरची नाके हलत नाहीत.

त्याच मजल्यावरच्या गांधीजींच्या खोलीकडे मात्र मुले ओझरते पाहून पुढे सरकतात. गादी, चरखा, बसके मेज. पाहण्यासारखे फार काही नाही. माझ्या मते खरी शिकवणी इथेच आहे, पण कुणीतरी सांगणारे हवे. बाहुल्या उद्या नागपुरात नेऊन मांडल्या तरी त्याच गोष्टी सांगतील. या घराच्या स्वतःच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

घर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे. 1917 ते 1934 या काळात मुंबईत आले की गांधीजींचा मुक्काम इथे असे. सूतकताईच्या सुरुवातीच्या दिवसांत कापूस पिंजायचा कुणी, हा प्रश्न होता. गाद्यांचा कापूस पिंजणारा एक पिंजारी सापडला. त्याने पैसे भरपूर मागितले आणि ते दिलेही गेले. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात, 7 एप्रिल 1919 रोजी, ‘सत्याग्रही’ हे पत्र सरकारदरबारी नोंद न करता मुद्दाम काढले गेले. ‘कायदेभंग’ हा परीक्षेत दोन गुणांना येणारा शब्द. एका कागदी पत्राने तो कसा करता येतो, हे नववीच्या मुलाला यातून चटकन कळते.

आणि गच्ची! गोलमेज परिषदेहून परतल्याला आठवडा झाला होता. गांधीजी गच्चीवर तंबूत झोपले होते. 4 जानेवारी 1932 च्या पहाटे पोलिस आले, तो नेमका सोमवार, म्हणजे त्यांच्या मौनाचा वार. मौनातल्या माणसाला अटक करून येरवड्याला नेले, एवढे सांगितले तरी मुलांचे प्रश्न सुरू होतात.

1955 पासून हे घर गांधी स्मारक म्हणून जपले आहे. 1959 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि 2010 मध्ये बराक ओबामा इथे येऊन गेले. मुलांना दुसरे नाव लगेच कळते, पहिले समजावून सांगावे लागते. मोठ्या वर्गांनी तळमजल्यावरचे ग्रंथालय चुकवू नये. 23 जुलै 1939 रोजी हिटलरला लिहिलेल्या पत्राची प्रतही पाहावी. इंग्रज सरकारने ते पत्र पोहोचूच दिले नाही.

ग्रँट रोड स्थानकातून चालत येता येते. परतताना ऑगस्ट क्रांती मैदान जवळच आहे. ‘भारत छोडो’च्या वेळीही पोलिस याच गच्चीवर आले असतील, असे बहुतेक मुलांना वाटते. तोवर मुक्काम बदलला होता. 9 ऑगस्ट 1942 ची पहाटेची अटक मलबार हिलच्या बिर्ला हाऊसमधली.