तांब्याची तार आणि विहिरीचे पाणी

विहिरीवर विजेचा पंप आला, आता कोठे कोठे सौर पंपही बसले. या साऱ्यांच्या पोटात तांब्याची तार असते. साध्या मोटारीपेक्षा विजेवर चालणाऱ्या मोटारीला तिपटीहून अधिक तांबे लागते. धूर न करणारी ऊर्जा वाढेल तशी तांब्याची मागणीही वाढणार. पण त्या तांब्यामागे राहणारी घाण कोणी निस्तरायची?

मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड येथे हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीची तांब्याची मोठी खाण आहे. १९८२ साली हा प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. तेथील १०० किलो खनिजात तांबे साधारण १ किलो. बाकीचा बारीक गाळ व दगड तेथेच साठतात. त्यांत गंधक असलेली खनिजे असतात. त्यांना पाऊस व हवा लागली की गंधकाचे आम्ल बनते आणि ते तांब्यासारखे धातू विरघळवून पाण्यात आणते. दुर्ग येथील भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी खाणीतून निघणारे पाणी तपासले व ते विषारी असल्याचे २००७ साली प्रसिद्ध केले. जवळची बंजर नदी पुढे मंडला येथे नर्मदेला मिळते, हे ध्यानात घ्यावे.

उपाय शास्त्राला ठाऊक आहेत. ढिगांवर मातीचा थर देऊन गवत लावावे, आम्लपाणी चुनखडीने मारावे, मग ते पाणकणसाच्या तळ्यातून सोडावे. हा खर्च तांब्याच्या किमतीतच धरला पाहिजे. शेजारच्या शेतकऱ्याने तो का सोसावा?

खाणीजवळ राहणाऱ्यांनी आपल्यापुरते एवढे करावे:

१. पिण्याच्या पाण्याची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. भारतीय मानकानुसार लिटरमागे तांबे ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरे पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालते.

२. पाणी उकळून धातू जात नाहीत. उलट पाणी आटून त्यांचे प्रमाण वाढते.

३. पाणी पिऊन मळमळ, उलट्या, पोटदुखी होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे व ते पाणी बंद करावे.

४. मातीपरीक्षणात आम्लता आढळल्यास सल्ल्याने चुना द्यावा. शेणखत भरपूर घालावे. ते तांब्याला धरून ठेवते व पिकात कमी जाऊ देते.

तपासणीचा कागद जपून ठेवावा. ग्रामसभेत तक्रार मांडताना तोच कामी येतो.