खुलासा होता, पोचला नाही

20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिऊन बहिष्कृतांच्या परिषदेचे लोक मंडपात परतले आणि दोनेक तासांत गावात आवई उठली: हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा कोणताही बेत नाही, असं डॉ. आंबेडकरांनी डाकबंगल्यावर विचारायला आलेल्यांना तिथल्या तिथे सांगितलं. तरी मंडपात जेवणाऱ्यांवर लाठ्या पडल्याच. अफवेला दोष देऊन द्वेषाला मोकळं सोडता येणार नाही. डिसेंबरच्या सत्याग्रहाला येतानाही खुश्कीच्या वाटेवर मोटारवाले अडवतील म्हणून बाबासाहेब बोटीने दासगाव बंदरात उतरले. पण खुलासा होता आणि तो वेळेत पोचला नाही, हेही तितकंच खरं. कृत्रिम बुद्धिमत्तेला कामाला लावायचं ते इथे, खऱ्याखोट्याचा निवाडा करायला नव्हे.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली. मेसेज कंपनीलाही वाचता येत नाहीत, म्हणून उपाय उरतो तो टिपलाइनचा: शंका आलेला मेसेज आपणच एका नंबरवर पाठवायचा. समजा पावसाळ्यात महाडला मेसेज फिरतो, ‘धरण फुटलं, सावित्रीचं पाणी बाजारपेठेत’. कोणी ‘धरण फुटला’ लिहितं, कोणी इंग्रजी अक्षरांत, कोणी नुसता आवाज पाठवतं. यंत्र या सगळ्यांचं अर्थावरून आकड्यांत रूपांतर करतं, एकच दावा म्हणून त्यांची मोळी बांधतं आणि आधी तपासलेलं उत्तर असेल तर क्षणात देतं. नसेल, तर तहसील कार्यालयाला फोन लावायचा तो माणसानेच.

कोणी म्हणेल, एवढं कळतं तर यंत्रानेच खोटे मेसेज पुसून टाकावेत. पण जुलै 2005 मध्ये याच महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळून दीडशेहून जास्त माणसं गेली. 2021 मध्ये तळियेत तेच झालं. ‘डोंगराला भेग पडलीय, घरं सोडा’ हा अशा रात्रीचा मेसेज दिसायला हुबेहूब अफवेसारखाच असतो: घाबरा, अशुद्ध, सही नसलेला. आधीची नोंद नाही म्हणून यंत्राने तो पुसला, तर किंमत गावाने मोजायची. म्हणून यंत्राला पुसण्याचा अधिकार नको. शंका दाखवावी आणि कशावरून ते सांगावं. दुसरा आक्षेप, मग सरकारच ठरवू दे. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार केंद्राच्याच कक्षाला देणारा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये रद्द ठरवला, आणि योग्यच केलं. ज्याच्याबद्दल तक्रार, त्यानेच पंच कसं व्हायचं?

खरी अडचण वेगळीच आहे. ही यंत्रं ज्या भाषेचा मजकूर भरपूर वाचतात तीच नीट ओळखतात, आणि महाड-पोलादपूरची बोली त्यांनी फारशी वाचलेलीच नाही. मार्च 2024 मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, बनावट व्हिडिओ आणि आवाज तपासणारी एक टिपलाइन व्हॉट्सअ‍ॅपवर देशभरासाठी सुरू झाली. तिच्या भाषा होत्या इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू. मराठी नव्हती.